गोठ्यातली फियाट: काय जपावे, काय बदलावे

धाराशिव जिल्ह्यात जुनी स्पोर्ट्स कार शोधायला निघालात, तर बहुधा हात हलवत परत याल. परवान्यांच्या त्या काळात कुटुंबाची साधी गाडी मिळायलाही वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. नुसत्या हौसेची गाडी बनवायला कारखान्यांना ना सवड होती ना मुभा. फायबरच्या बॉडीची, दोन आसनांची सॅन स्टॉर्म आली तेव्हा विसावे शतक संपत आले होते, आणि तीही मोजक्याच घरांत गेली. मात्र एखाद्या वाड्याच्या पडवीत, गोठ्यात किंवा शेतातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी किंवा तिची थोरली बहीण ११०० डिलाइट, अजूनही सापडते. ती स्पोर्ट्स कार नव्हे हे मान्य, पण तिचे घराणे पाहण्यासारखे आहे. इटलीत १९५३ साली फियाट ११०० चे नवे मॉडेल आले तेव्हा त्याचे १०८९ सीसीचे इंजिन ३६ अश्वशक्तीचे होते. त्याच वर्षी त्याच इंजिनातून पन्नासच्या आसपास अश्वशक्ती काढणारी ‘टीव्ही’, म्हणजे ‘तुरिझ्मो वेलोचे’ ही आवृत्ती आली, आणि १९५५ मध्ये तिच्यावर आधारलेली उघड्या टपाची दोन आसनी गाडीही निघाली. हे घराणे आपल्याकडे आणले मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, आणि ती कंपनी १९४४ मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद शेजारच्या सोलापूरचे. तेव्हा आपल्या भागात घरच्या घरी जुनी गाडी उभी करायची आणि तिला थोडे चपळ करायचे, तर फियाटइतकी योग्य गाडी दुसरी नाही.

अशी गाडी हाताशी आली की डोक्यात दोन टोकांचे विचार येतात. एक म्हणजे सगळे जसेच्या तसे, कंपनीतून निघाले तसे करायचे. दुसरा म्हणजे मोठे इंजिन, रुंद टायर, खाली बसवलेली बॉडी, सायलेन्सरचा भारदस्त आवाज. या दोन्हींच्या मध्ये एक सोपी कसोटी आहे. गाडी बनली त्यानंतर तिच्याभोवतीचे जे बदलले, तेवढ्यापुरतीच गाडी बदलावी. पेट्रोल बदलले, रस्त्यावरचा वेग बदलला, समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत बदलला, रेडिएटरमध्ये ओतायचे पाणीही बदलले. तिथे बदल हवाच. बाकी सगळीकडे कंपनीने ठरवलेली मापे परत मिळवणे हीच खरी सुधारणा. शिवाय जो बदल कराल तो पाने-पकडीने उलटवता आला पाहिजे. त्यासाठी पत्रा कापावा लागत असेल, तर तो बदल सोडून द्यावा.

आधी कागद, मग पत्रा

काम पाना हातात घेऊन नव्हे, नोंदणी पुस्तक हातात घेऊन सुरू करावे. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकातल्या नंबरांशी जुळतो का, गाडी कोणाच्या नावावर आहे, मालक हयात नसेल तर वारसांची संमती आहे का, हे आधी पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि जुन्या गाड्यांसाठी त्याचे शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे. एमएच २५ च्या कार्यालयात जाऊन थकीत कर, दंड आणि शुल्काचा हिशेब काम सुरू करण्याआधीच काढावा. गाडी रंगवून तयार आणि कागदांअभावी दारात उभी, असे व्हायला नको. ‘आमची गाडी व्हिंटेज आहे, तिला वेगळा नियम’ असे म्हणणाऱ्यांनी जुलै २०२१ चे केंद्राचे नियम नीट वाचावेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाडीलाच व्हिंटेज नोंदणी मिळते. पद्मिनी हे नाव १९७०च्या दशकात आले, म्हणजे सगळ्यात जुन्या पद्मिनी आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आहेत. १९८५ ची गाडी तिथे पोचायला २०३५ उजाडेल. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आज गाडीचे मूळ रूप मोडले, तर उद्याचा तो दरवाजा आपणच बंद केला असे होईल.

कागद जुळले की पत्र्याकडे वळावे. या फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून तिचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. आपल्या जिल्ह्याची हवा कोरडी, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा इथली गाडी बरी निघते, पण दोन गोष्टी तिच्या वैरी आहेत. पहिली काळी माती. चाकाच्या कमानीत आणि मडगार्डच्या मागे ती घट्ट बसते, पाणी धरून ठेवते, आणि पाऊस सरून महिना झाला तरी आतला पत्रा ओलाच राहतो. दुसरा वैरी गोठा. जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया पितळ-तांब्याला खातो. रेडिएटरला बारीक चिरा पडतात, वायरींची टोके हिरवी होतात. कडब्यातले उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळेच. तेव्हा पहिले काम म्हणजे गाडी गोठ्यातून बाहेर काढून पक्क्या फरशीवर आणणे. मग मऊ फडक्यात गुंडाळलेले चुंबक बॉडीवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे असे समजावे. दाराखालचा पट्टा, डिकीचा तळ, पायाखालचे मॅट उचलून दिसणारा पत्रा, जॅक लावायच्या जागा आणि पाट्यांच्या कमानी जिथे बसतात त्या जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहाव्यात. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, तर तिथे पुट्टी नव्हे, नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. भार पेलणाऱ्या पत्र्याचे वेल्डिंग घरी शिकत शिकत करायचे काम नव्हे. त्यासाठी जाणता डेंटरच हवा, आणि वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढून गाडीपासून लांब ठेवावी.

घरी काय, बाहेर काय

इथे पहिला आक्षेप येतो. घरी कशाला, पुण्या-मुंबईच्या जाणत्या गॅरेजला द्यावी की! हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण जुन्या गाडीत खर्चाचा मोठा वाटा भागांचा नसून तासांचा असतो. खोलणे, घासणे, धुणे, चिठ्ठ्या लावून ठेवणे, पुन्हा बसवणे, हे तास घरच्या माणसाकडे असतात. कौशल्य आणि यंत्र लागणारी कामे मोजकीच आहेत: सिलिंडर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग, ब्रेक ड्रम लेथवर गोल करणे, रेडिएटरची डागडुजी. यांपैकी पुष्कळ कामे ट्रॅक्टर आणि पंपांच्या दुरुस्तीवर जगणाऱ्या आपल्या तालुक्यांच्या गावी होतात, उरलेली सोलापुरात. लेथवाला बूश आणि पिना उत्तम बनवून देतो. मात्र त्याला माप आपण द्यायचे असते, ‘अंदाजाने कर’ म्हणायचे नाही. घरी काम करताना दोन नियम मोडू नयेत. विटांवर किंवा दगडांवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, घोड्या वापराव्यात. आणि टाकी रिकामी करताना आसपास ठिणगी, विडी, चालू मोटर काहीही नसावे, आग विझवण्याचे सिलिंडर मात्र असावे. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारणे ही सगळ्यात महाग पडणारी घाई. सिलिंडरच्या भिंतींवर गंजाचा पापुद्रा असेल, तर पहिल्याच फेऱ्यात रिंगा जातात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, दोन दिवस थांबावे, आणि गाडी टॉप गिअरला घालून हलकेच मागेपुढे ढकलून इंजिन फिरते का ते पाहावे. फिरले, तर जुने ऑइल आणि जुने पेट्रोल काढून कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती आहे हे महत्त्वाचे. एक सिलिंडर मागे असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला, तर दोष रिंगांचा. तसाच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. पूर्ण इंजिन खोलायचे की नुसते हेड उतरवायचे, हे या पाच मिनिटांच्या चाचणीवर ठरते.

जे बदलले आहे, ते

आता बदलांकडे. सुरुवात पाण्यापासून करू, कारण इंजिनाचा जीव तिथे अडकलेला असतो. बेसॉल्टच्या खडकातून येणारे बोअरचे पाणी जड असते. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटातही चढतो. एके काळी आडाचे पाणी ओतले जाई, आता सगळीकडे बोअर. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. थर चढला की उष्णता बाहेर पडत नाही, चाळीस अंशांच्या उन्हात काटा लाल रेषेपलीकडे जातो, हेड वाकते आणि गॅस्केट उडते. म्हणजे ‘फियाट तापते’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातली बरीच कहाणी रेडिएटरमध्ये काय ओतले याची आहे. रेडिएटर रॉड मारून साफ करून घ्यावा, इंजिनाचे पोट धुऊन काढावे आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरावे. कूलंट गोडसर आणि विषारी असते, त्यामुळे सांडलेले कुत्र्या-जनावरांच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहते’ हा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नये. थर्मोस्टॅट काढल्याने मूळ दोष झाकला जातो, इंजिन गार चालते, ऑइलमध्ये ओल आणि गाळ साठतो, झीज वाढते. नळ्या मोकळ्या असतील तर थर्मोस्टॅटसकट गाडी चालते, कारण ती तशीच बनवलेली आहे.

दुसरा बदल पेट्रोलचा. शिशाचे पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, आणि २०२५ मध्ये पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊन ठेपले. आपल्या उसाच्या जिल्ह्याला याचे कौतुक असणारच, पण जुन्या गाडीला इथेनॉल तीन प्रकारे बाधते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम त्याने फुगतात, फाटतात. ते हवेतली ओल शोषते, म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साठते. आणि त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि गिअरमध्ये अडखळते. उपाय सरळ आहेत. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि डायफ्राम बसवावेत, टाकी आतून साफ करावी, गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवावी. जेटचे गणित असे. २० टक्के इथेनॉलला सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागते, आणि जेटमधून जाणारे इंधन छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते. म्हणून व्यासात चार टक्क्यांची वाढ पुरते: १.२० मिमीच्या जागी १.२५. त्याहून पुढे जाण्याआधी प्लगचा रंग पाहावा. फिकट विटकरी असेल तर थांबावे. उन्हाळ्यात चढावर गाडी बंद पडली की इंजिनाजवळच्या इंधनपंपावर ओले फडके ठेवायची रीत सगळ्यांना माहीत आहे. नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की असे होते, आणि इथेनॉलने ते वाढते. नळी सायलेन्सरपासून दूर वळवली, मधे पत्र्याचा आडोसा दिला आणि कार्बोरेटरखाली जाड बेकेलाइटचा तुकडा बसवला, तर फडक्याची वेळ सहसा येत नाही.

तिसरा बदल रस्त्याचा. ही गाडी बनली तेव्हा सोलापूर-धाराशिव रस्त्यावर साठचा वेग म्हणजे घाई होती. आज त्याच मार्गाच्या चौपदरी महामार्गावर मागचा ट्रकच ऐंशीने येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठवरून ऐंशीवर गेलो, तर ब्रेकना जवळजवळ पावणेदोनपट काम करावे लागते. म्हणून पैसा इंजिनावर जाण्याआधी ब्रेकवर जावा. सगळ्या चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि त्यांची रबरे नवी घालावीत, नळ्या बदलाव्यात, ड्रम गोल करून घ्यावेत, लायनिंग पूर्ण टेकते का ते पाहावे. ब्रेक ऑइल डब्यावर लिहिलेल्या दर्जाचेच घालावे. इंजिन ऑइलचा एक थेंब आत गेला तरी रबरे फुगतात. पुढच्या चाकांना दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक लावायचा मोह होतो. त्यासाठी लेथवर बनवलेल्या ॲडॉप्टरवर जीव टांगावा लागतो. नीट बसवलेले ड्रम या वजनाच्या गाडीला पुरतात, हे लक्षात घेऊन तो मोह टाळावा. सीट बेल्ट मात्र बसवावेत, आणि तेही कंपनीने ठेवलेल्या किंवा मजबुती दिलेल्या जागीच. १४ इंची रिमला योग्य मापाचे रेडियल टायर घालावेत. टायर चांगले दिसत असले तरी त्यांची तारीख पाहावी, कारण आपल्या उन्हात रबर न झिजताही कडक होते.

चौथा बदल दिव्यांचा. जुन्या गाडीचा झोत पिवळसर आणि मंद असतो, तेव्हा लोक जास्त वॉटचे बल्ब लावतात आणि जुने वायरिंग जाळतात. खरे कारण बहुधा वेगळे असते. हेडलाइटची सगळी वीज स्विचमधून लांबच्या वायरीने जाते, वाटेत व्होल्टेज गळते, आणि व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले की बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. बॅटरीपासून जाड वायर, मधे रिले आणि फ्यूज, मूळ वॉटचाच बल्ब, एवढ्याने हरवलेला उजेड परत येतो. डायनामो असेल तर ऑल्टरनेटर बसवणे आणि पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावणे हेही योग्य बदल आहेत. दोन्ही एका दिवसात उलटवता येतात, आणि त्यांनी गाडी रोज सुरू होण्याची खात्री वाढते.

दोन्ही बाजूंचे आक्षेप

शुद्धतावादी म्हणतील, असे करत गेलो तर मूळ गाडी उरते कुठे? पण मूळ गाडीही कुर्ल्यात तिच्या काळच्या पेट्रोलवर, तिच्या काळच्या रस्त्यासाठीच बेतलेली होती. ते पेट्रोल आणि तो रस्ता उरला नाही, तेव्हा फक्त गाडी तशीच ठेवली तर ती रस्त्यावर बंद पडते किंवा शेडमध्ये प्रदर्शनाला उरते. काढलेले प्रत्येक मूळ सामान, अगदी जुना पॉइंटसेट आणि जुना जेटही, पुसून, तेल लावून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावे. त्या पेटीमुळे पन्नास वर्षांनंतरच्या व्हिंटेज नोंदणीचा दावाही टिकतो आणि जाणत्याचे समाधानही होते.

वेगाचे चाहते उलट बाजूने विचारतील, इटलीत कंपनीनेच पन्नास अश्वशक्ती काढली, मग आपण का नाही? कंपनीने ती काढली कॉम्प्रेशन, कॅमशाफ्ट, कार्बोरेटर आणि ब्रेक यांचा एकत्र विचार करून. घरी आपण त्यातले एकच काहीतरी करतो. आणि कमाई किती? हवेचा अडथळा ओलांडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून चाळीसची चव्वेचाळीस अश्वशक्ती केली तरी सर्वाधिक वेग जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. उलट घसरलेले कॉम्प्रेशन, चुकलेले टायमिंग आणि झिजलेला कार्बोरेटर ठीक केला, तर गेलेली शक्ती परत येते आणि गाडी नवी वाटते. स्टिअरिंगजवळचा गिअर अडकतो म्हणून तो खाली आणण्याची धडपडही अशीच. अडकण्याचे कारण सहसा दांड्यांचे झिजलेले बूश असते, आणि ते लेथवाला करून देतो. प्रीमियरच्याच ११८एनई गाडीचे ११७१ सीसीचे निस्सान इंजिन पद्मिनीत बसवण्याची कल्पना जुनी आहे, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितले. इंजिन बदलायला आधी परवानगी लागते, रंग बदलला तरी नोंदणी पुस्तकात नोंद लागते. विम्याचा दावा करायची वेळ आली, की या नोंदी पहिल्यांदा पाहिल्या जातात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. एवढा पैसा घालून परत काय मिळणार? विक्रीच्या भावात बहुधा काही नाही, हे स्वच्छ मान्य करावे. भागांचाही प्रश्न आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या सुट्या भागांना वर्षानुवर्षे गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वयोमर्यादा संपली, आणि तो झरा हळूहळू आटणार. म्हणून काम सुरू करतानाच किंगपिन, व्हील सिलिंडरचे संच, वॉटर पंप, गॅस्केट आणि दारांची रबरे जमवून ठेवावीत. क्रोमच्या पट्ट्या आणि दारांच्या कड्या नंतर शोधल्या तरी चालतात.

सगळे बसवून झाले की परीक्षा रस्त्यावर द्यावी, पण पायरीपायरीने. आधी गल्लीत हळू, ब्रेक चारही चाकांना सारखे लागतात का ते पाहत. मग पन्नास-एक किलोमीटर गावाच्या आसपास, आणि परत आल्यावर कोणता नट सैल झाला, कुठे ऑइल-पाणी झिरपते हे तपासावे. शेवटी तुळजापूर, आणि तिथून सोलापूरच्या दिशेने घाट उतरायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा आधार घेत. पायथ्याशी थांबून चारही ड्रमच्या जवळ हात नेऊन पाहावा. एकच फार तापला असेल, तर तो घासतो आहे. नंतर वळून घाट चढावा आणि काट्याकडे लक्ष ठेवावे. भर उन्हात काटा मधे राहिला, ड्रम सारखे राहिले आणि पंपावर फडके ठेवावे लागले नाही, तर रंगवायला आता हरकत नाही.